दोन ट्रिपा

एप्रिलात शूटिंगवाल्यांचा फोन आला :
दहा हजार लिटर, रात्री अकराला, जुन्या नाशकात.
प्यायला नको, रस्त्यावर ओतायचंय.
मी म्हटलं, पाऊस पाडायचाय का?
नाही, म्हणाला, पडून गेल्यासारखा.
कोरडा रस्ता कॅमेऱ्यात मेल्यासारखा दिसतो.

वीस वर्षं टँकर चालवतोय,
मेलेला रस्ता मला हा दाखवणार.

पण ओल्या डांबरावर त्यांनी एक लाल, एक निळा दिवा सोडला
आणि खोटं कशाला बोलू,
ज्या गल्लीतून मी रोज आरसे मिटून गाडी काढतो
ती अशी काही दिसायला लागली
की मला तिथे एखादं पाप करावंसं वाटलं.

मग भाई आला.
काळी गाडी. आधी बूट, मग धूर, मग तोंड.
कॅमेरा त्याच्या पाठीला चिकटून चालला,
दुकानदार उठून उभे राहत गेले
आणि त्याची ओळख ती आपलीच ओळख असं वाटून
मीही टँकरपाशी जरा ताठ झालो.
तसंच असतं ते. आधी आत घेतात,
पोटभर जेवायला घालतात, बहिणीचं लग्न दाखवतात,
इंटर्व्हलनंतर बाहेरून कडी लावतात.

नाव बदललं होतं.
तरी चहाच्या पोऱ्यानेसुद्धा ओळखलं, हा आपला सोपान तिडके.

सोपानकडे काळी गाडी नव्हती.
एम-एटी होती, मडगार्ड सुतळीने बांधलेलं.
हप्ता गोळा करायला निघाला की पेट्रोल माझ्याकडून उसनं.
पंचवटीत गवारवालीशी पाच रुपयांसाठी
अर्धा तास भांडायचा आणि हरायचा.
त्याच हातांनी त्याने नंदू कोठुळेचा गुडघा फोडला,
नळाच्या पाइपाने.
नंदू अजून जिना बसून उतरतो.
सिगरेट धरायला सोपान टॉकीजमध्ये शिकला, तिसऱ्या रांगेत,
आणि आता हा हिरो सोपानसारखी धरतोय.
कोणी कोणाकडून उचललं, याचा हिशेब मी सोडून दिलाय.

तो गेला मंगळवारी, सकाळी दहा चाळीसला, पेठ नाक्यावर.
उजेड असा सपाट की कशाचीच सावली नाही.
चप्पल शिवायला बसला होता,
एक पाय वर्तमानपत्रावर.
मारणारी पोरं पळताना एकमेकांवर आपटली.
समोरच्या घरात कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, सहावी झाली,
गॅस बंद करायला कोणी उठलं नाही.
दुपारी हवालदाराचा फोन : टँकर आण.
पाइप मीच धरला.
पाणी आधी गुलाबी, मग मातकट, मग नुसतं पाणी.
त्या ट्रिपेचे पैसे अजून यायचेत.

इथे तो सात वेळा पडला.
सातव्यांदा फार छान पडला.
रक्तात निळा दिवा उतरला,
कॅमेरा वर वर गेला, देव जाईल तसा,
आणि गोष्ट म्हणे पुढेही तोच सांगणार, मेल्यावर, स्वतःच्या आवाजात.
आमचा सोपान जिवंतपणीही
एक वाक्य धड पूर्ण करायचा नाही.

आठव्यांदा रस्ता सुकला.
मी कॉकपाशी गेलो तर मागे हंडे.
बारा-पंधरा बाया, काही बोलत नव्हत्या,
एक कळशी पुढे सरकवत होत्या, मग दुसरी.
शेवटून दुसरी शेवंता, सोपानची बहीण,
जिचं लग्न नुकतंच इथे पिवळ्या दिव्यांत वाजतगाजत लागलं होतं
आणि खरं तर कधी लागलंच नाही.
तिकडून कोणी ओरडलं, फ्रेममधून बाया काढा.

तिने विचारलं, प्यायचं आहे का?

मी म्हटलं, नाही.
उकळून घे.