नान्नजच्या माळावर, क्रमांक सात

नाव विचारलं तर मल्लेशी म्हणाला,
"सापसुरळी नव्हं ही. सरडाबी नव्हं.
हिला नाव ठिवायला सवड कुणाला हाय?"
मी वहीत लिहिलं : क्रमांक एक.

बोटाच्या दोन पेरांएवढं अंग,
शेपूट त्याच्या दुप्पट.
देणाऱ्याचा हात मापात चुकला
आणि त्यानं ते तसंच राहू दिलं.

धरायला आईचा विडीचा दोरा,
वीतभर, तुराटीच्या टोकाला फास करून.
बाकी लागतो तो वेळ,
मुरमावर पालथं पडून,
कोपरात कुसळं रुतेपर्यंत.

साडेआठला ती दगडावर येते.
अकराला माळ चटका देतो तेव्हा
थांबून एकेक पाऊल हवेत धरते,
हा, मग तो,
मग तरवडाखाली नाहीशी.
दुपारची पानं वहीत कोरी आहेत.

पापणी हलत नाही.
म्हणजे आहे, पण कायमची मिटलेली, काचेची,
आणि त्या मिटल्या पापणीतूनच ती बघते
वाळवी, नाकतोडा, मी.
विडी घरकुलात हे सांगितलं तर आई पान कातरताना म्हणाली,
"मग झोपलेली कळते कशी?"
वर न बघता.

क्रमांक सात माझ्या घाईनं तुटली.
ती गेली. शेपूट हातात राहिलं,
उड्या मारत,
मल्लेशीच्या घड्याळात सव्वा मिनिट.
तेवढा वेळ आम्ही दोघंही शेपटाकडेच बघत होतो,
त्यासाठीच असतं ते.

दिवाळीनंतर पुन्हा सापडली.
पाठीवरचा नेलपेंटचा ठिपका कातीबरोबर गेलेला,
ओळखली ती मागच्या पायाच्या थोट्या बोटावरून.
नवं शेपूट आखूड, मातकट,
अंगावरच्या रेघा त्यावर उतरल्याच नव्हत्या.
आत हाड नाही.
सर म्हणतात, नव्या भागात तुटायची जागाच नसते.
पुन्हा तुटायचं तर वर,
जुन्या हाडात.
हे मी वहीत लिहिलं नाही.

माघात खाटकानं हिवराच्या काट्यावर
एक अडकवून ठेवलेली दिसली,
वाळून चिंचेच्या सालीसारखी.
मागचे पाय नव्हते, शेपूटही नव्हतं.
रकान्यात प्रश्नचिन्ह केलं,
खोडलं,
परत केलं.

घरी आलं की आई आधी विचारते,
"दोरा आणलास?
कारखान्यात दोऱ्याचाबी हिशेब घेतात."
मी काठीवरची गाठ सोडते.
दोऱ्यावर जागोजाग शाईच्या खुणा.
पेरापेरानं मोजून ती तो रिळाला गुंडाळते.