मानस

तुमच्या पुस्तकांत मानस म्हणजे मन.
आमच्या दुर्भाटात मानस म्हणजे दार.
बांधाच्या पोटात, जांभ्या दगडांत बसवलेलं,
दोन फळ्यांचं, नदीकडे उघडणारं.
ओहोटीला शेतातलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं,
भरती आली की नदीच ते ओढून घेते.
हात लागत नाही. मोटर लागत नाही.
माझ्या आज्याने, शाबी च्यारीने, अशी सात दारं केली
आणि मरेपर्यंत एकच गोष्ट सांगितली:
बिजागरी जराशी सैल ठेव,
घट्ट दार पाण्याचं ऐकत नाही.

आता तिथे खात्याचा लोखंडी दरवाजा आहे,
चाक फिरवून लावायचा.
चाकाला तेल कोणी घालायचं
याचा कागद अजून पणजीहून निघायचाय.

यंदा दिवाळीच्या तोंडावर सेलमहून यंत्र आलं.
कापणी, मळणी, वारवणी, सगळं एकाच पोटात.
वेलुस्वामी वर काचेच्या खोलीत,
कानात त्याच्या गावचं गाणं,
खाली आमचं खाजन.
आठ बायांचं आठ दिवसांचं काम
चहा निवायच्या आत अर्धं झालं.
मी म्हटलं, विळ्याची मजा गेली.
सुकांती म्हणाली, मजा तुला,
विळा मला होता. माझ्या कमरेला विचार
जुनं किती सोनं होतं ते.

मग मानशीजवळच्या सखल कोपऱ्यात
यंत्र थांबलं. आणि बसलं.
म्हैस बसते तसं नव्हे, म्हैस हौसेने बसते.
पुनवेचं उधाण. भरतीला तीन तास.
दरवाजा अर्धा उघडा, चाक गंजून गप्प.

मी कुदळ घेऊन साखळीखाली उतरलो.
आधी निघाली खताची निळी गोणी,
नावाची अक्षरं अजून शाबूत.
मग पावर टिलरचं एक पातं:
गावकारांनी वर्गणी काढून आणलेला तो टिलर,
पहिल्या दिवशी त्याला हार घातला होता, रेड्यांना नाही.
मग फाळाचं टोक, बोटभर,
कुण्या लोहाराचं, नाव कुणाला ठाऊक नाही.
मग वीतभर नुसत्या शिंपल्या.
मग खारफुटीचं खोड, कोळशासारखं काळं,
तिरकं तोडलेलं.
मी अंगठा फिरवून पाहिला.
लोखंडाने की दगडाने, कळेना.
पण तोडणारा डावखुरा होता
एवढं मला, सुताराला, कळलं.
त्याने इथे उभं राहून
समुद्राला हाताने थांब म्हटलं असेल,
टोपलीभर चिखल पुढे टाकून.

त्याच्याही खाली खणलं.
खाली नदी होती.

वेलुस्वामी म्हणाला, लाकूड? पलका? फळी?
तीन भाषांत विचारलं त्याने,
चिखलात माणूस बहुभाषिक होतो.
आज्याची जुनी दारं माझ्याकडे
न्हाणीच्या वाटेवर पडून होती,
पोरं पाय धुऊन त्यांवरून घरात येतात.
माट्टीचं लाकूड. साठ वर्षं खारं पाणी प्यालेलं.
सहा जणांनी आणली, साखळ्यांखाली सरकवली.
इंजिन ओरडलं, धूर, चिखल, सुकांतीच्या शिव्या,
एक फळी मधोमध चिरली,
बाकीच्यांनी चौदा हजार किलो
उचलून मेरेवर ठेवलं.

पाण्याची पहिली जीभ तेव्हा दरवाजातून आत येत होती.
बायांनी तिथे पेंढा कोंबला, वर चिखल थापला.
यंत्राने बारीक केलेला पेंढा टिकेना;
सुकांतीने धावत जाऊन आणला
तिच्या कोपऱ्यातला, हाताने कापलेला, लांब कोरगूट.
तो टिकला. बराचसा.

रात्री वेलुस्वामी पैसे घेऊन आला, चिरलेल्या फळीचे.
मी घेतले नाहीत. तो उभाच.
मग म्हणाला, पुढचं काम आडपईला आहे,
तिथेही असलीच जमीन.
त्यातल्या दोन मला द्याल?

सकाळी ट्रकवर यंत्र,
यंत्राच्या पोटाला दोरीने बांधलेली
शाबी च्यारीची दोन दारं.
मी बिजागऱ्या तेवढ्या काढून ठेवल्या.
अजून सैल आहेत.