परत गाळ

तांबोळी सरांनी फळ्यावर शिडी काढली,
वर जाईल तशा पायऱ्या दाटत गेलेली.
सगळ्यात खाली उणे तेरा पॉइंट सहा,
मग उणे तीन पॉइंट चार,
मग उणे दीड आणि वर चिमूटभर.
पार वर शून्य. तिथं इलेक्ट्रॉन कुणाचाच नसतो.

"पण उणे का?" स्नेहल हारुगडे.
"बांधलेला असतो म्हणून. जेवढा खोल, तेवढं ऋण."
विटा स्टँडवर तासगाव गाडीचा पुकारा झाला
आणि निम्मा वर्ग दप्तरं आवरायला लागला.

रात्री लेंगऱ्यात, पत्र्याखाली, मी प्रश्न घेतला:
तिसरीतून दुसरीत उतरताना इलेक्ट्रॉन काय सोडतो?
दोन पॉइंट सत्तावीस. तरंगलांबी पाचशे सेहेचाळीस.
म्हणजे हिरवा.
पुस्तकात मागं उत्तर: लाल.
तीनदा केलं. तीनदा हिरवा.

दहाला आप्पांचा फोन, ईरोडहून, गलाईच्या दुकानातनं,
मागं ब्लोअरची घरघर.
गेल्या जत्रेपासून आलेले नाहीत, मीही विचारत नाही.
"काय करतीस?"
"हायड्रोजन."
"त्यो कसला?"
सांगायचं नव्हतं, पण सांगून बसले:
लाल यायला पाहिजे, हिरवं येतंय.
हसले नाहीत. म्हणाले,
"मुशीतनं हिरवी जीभ निघाली म्हंजे
तांबं ऱ्हायलंय आत. सोन्याचा दोष न्हाई त्यो.
परत गाळ."

परत गाळलं. पहिल्याच ओळीत सापडलं तांबं:
छेदात नुसतेच दोन आणि नुसतेच तीन,
वर्ग न केलेले.
चार केले, नऊ केले.
एक पॉइंट एकोणनव्वद. सहाशे छप्पन्न.
लाल.
वहीत काही लाल झालं नाही अर्थात,
निळ्याच शाईत लिहिलं.

आप्पांना मेसेज टाकला: लाल आलं.
त्यांनी अंगठा पाठवला,
त्यांचा भाजून काळा पडलेला नव्हे,
तो पिवळा, तयार मिळतो तसला.

शेवटचा प्रश्न उरला होता:
तळाच्या पातळीतून इलेक्ट्रॉन कायमचा सोडवायला
किती ऊर्जा लागेल?
याला आकडेमोडच नाही.
पुढचं उणे काढायचं, बस. दोन गुण.

पेन हातात घेऊन
बराच वेळ मी ते उणे काढलं नाही.