सत्ताविसावी पायरी

खोक्यावर जे चित्र असतं ते मी एकदाच बांधतो.
मग मोडतो.
लाल रेसगाडीचे दरवाजे
तुर्भ्याच्या टेम्पोला लावायचे असतात.

कुठल्याच खोक्यात मिळत नाही
आमच्या कोपरखैरण्यात सकाळी सहाला येणारा पाण्याचा टँकर,
मागचा नळ कायम गळका,
त्यासाठी एक पारदर्शक निळं बटण, तिरपं.
मिळत नाही घंटागाडी, ओला-सुका वेगळा असलेली,
की ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला
दिवे मालवून झोपलेला ट्रेलर,
ज्याच्या पोटाखाली ड्रायव्हर स्टोव्ह पेटवतो.
हे सगळं माझ्याकडे आहे, काचेच्या कपाटात,
जिथे आईला डिनर सेट ठेवायचा होता.

रुंदी सहा बटणं. यावर मी ठाम आहे.
सात घेतली की आरसे नीट बसतात,
पण गाडी नवरदेवासारखी फुगते.
ताडपत्रीला ठोकळ्यांखेरीज काही वापरू नये, असं मानणारे आहेत.
मीही दोन वर्षं मानलं.
मग दुधाची पिशवी धुतली, कात्री आणली.

या खेपेला कांद्याचा टेम्पो.
चाळीस गोणी, दर गोणीला एक तपकिरी गोल.
पुढे बंपरला लिंबू-मिरची: एक पिवळं बटण, दोन हिरव्या काड्या.
तीन आठवडे, कामावरून आल्यावर,
जेवणाच्या टेबलावर, ताटाला धक्का न लावता.

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि उठले.
चौतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात माथाडी,
उजव्या खांद्यावर अजून लिंबाएवढी गाठ.
हातात घेतली नाही.
वाकून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघितली.
"रिकामी हाय."
"बाबा, चाळीस गोणी आहेत."
"असतील. गाडीला ठावं न्हाय."

मग एका हाताचा तळवा हवेत आडवा धरून
मनगटाकडून जरासा खाली केला.
भरल्याली गाडी मागं बसती, म्हणाले,
ही बघ, शोरूममधनं आल्यागत ताठ हुबी.
आणि बातम्यांकडे गेले.

तीन पातळ पट्ट्या म्हणजे एक ठोकळा.
मागचा आस मी एक पट्टी वर घेतला.
तेवढ्यासाठी अख्खं चेसिस उसवावं लागलं.
दीड वाजला.
सकाळी टेम्पो कांदे वाहत होता.

आराखडा केला, एकेचाळीस पायऱ्यांचा.
सत्ताविसावीखाली लिहिलं:
मागचं चाक एक पट्टी आत. ही चूक नाही, हा माल आहे.
पैसे नकोत, बांधलात तर फोटो पाठवा.

घणसोलीच्या एका गृहस्थांनी कळवलं,
सत्ताविसावी दुरुस्त करून घेतली,
आता गाडी अगदी सरळ उभी राहते.
मी अंगठा पाठवला.

मग दिवाळे गावातून, रश्मिला कोळी, इयत्ता सातवी.
तपकिरी नव्हते तिच्याकडे. हिरवं तर नव्हतंच.
टेम्पो गुलाबी. एक दार पांढरं,
कुठल्याशा बाहुलीच्या बंगल्याचं, त्यावर अर्धं फूल.
मागे पारदर्शक मणी खच्चून.
"बर्फ आहे," तिनं लिहिलेलं,
"खाली बोंबील आहेत, ते दिसत नाहीत.
चाक मी दोन पट्ट्या आत घेतलं.
ओला माल जड असतो, आई म्हणते."

बाबांनी फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला,
दारावरचं फूल सोडून थेट मागच्या चाकापाशी गेले.
बराच वेळ तिथेच.
"हिला ठावं हाय."

मग न विचारता माझा टेम्पो उलटा केला.
चाळीस गोल पेपरवर सांडले, टपटप.
एकेक उचलून, जाड अंगठ्यानं दाबत,
परत भरू लागले.
पहिल्याला एक नाही म्हणाले.
"लाभ," म्हणाले.
मग दोन. मग तीन.

एकोणचाळीसला थांबले
आणि माझ्याकडे बघितलं.
मी टेबलाखाली वाकलो.