दोन हिवाळ्यांचं बी

किनुए आजी फळ तळहातावर ठेवते:
लहानशा टोमॅटोएवढं, चपटं, लालभडक.
"हामानासु," ती म्हणते. वाळूतला गुलाब.
मी शिंपल्यांच्या शेडमधून नुकतीच सुटलेली,
हातमोज्यांतली बोटं पांढरी, सुरकुतलेली.

फळ चिर. आतल्या कुसांपासून जप,
लागली तर दोन दिवस खाजवत बसशील.
बी धू, पाण्यात टाक.
तरंगेल ते फेकून दे.
बुडेल ते आपलं.

(मला हसू आलं. आमच्या क्वांग त्रीच्या किनाऱ्यावर
पोरांना याच्या उलट शिकवतात.)

ओली वाळू, मातीचं मडकं,
उंदरांसाठी तोंडाला जाळी.
उत्तरेच्या भिंतीशी पूर
आणि विसरून जा.

विसरणं काही जमेना.
फेब्रुवारीत ओखोत्स्कवरून बर्फाच्या लाद्या वाहत आल्या,
रात्रभर एकमेकींवर घासत राहिल्या,
न उघडणाऱ्या दाराच्या बिजागरीसारख्या.
मी टॉर्च घेऊन मडक्यापाशी.
आजी खिडकीतून ओरडली,
"अगं दिएप, थंडीला तिचं काम करू दे!"

मे आला. काहीच नाही.
मी मडकं ओतायला निघाले
तर तिने मनगट धरलं.
"काही बियांना एक हिवाळा पुरत नाही."

माझा करार तीन वर्षांचा.
दोन हिवाळे उगवायला,
आणखी दोन, फार तर तीन, पहिल्या कळीला.
आजीनेही हिशेब केला असणार.
ती एक्क्याऐंशीची.
आम्ही चहा प्यालो, त्याबद्दल बोललो नाही.

पुढच्या मेमध्ये अकरा कोंब.
नखाएवढ्या पानालाही काठाने दाते.

खत नको. पोट भरलं की नुसती पानं काढतं.
सावली नको. खारा वारा लागू दे.
पहिला उन्हाळा तेवढं पाणी,
मग त्याचं ते बघेल,
मुळं वाळूखालून चालत जातात,
कुठे वर येतील ते विचारत नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी
टेकाडाच्या उतारावर आम्ही अकरा खड्डे घेतले,
दोन-दोन हात अंतर ठेवून.
ती काठी टेकून मोजत होती,
मी गुडघ्यांवर.

बी मी आणलं नाही.
इथे त्याला झोपवेल अशी थंडी नाही.

पण जानेवारीच्या भुरभुर पावसात
तिथलं जॅकेट काढलं,
खिशात हात घातला,
आणि बोटाला
खाज सुटली.