माडांचे नंबर

तो दहाच्या फेरीने आला, चोडणच्या धक्क्यावर उतरला.
खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत लांबुडकी वही,
हातात पिवळ्या रंगाचा डबा.
स्कूटरवाल्यांनी त्याला वाट करून दिली.
कुणी सांगितलं नव्हतं,
वही दिसली आणि पाय आपले सरकले.

"माडांची नोंदणी," तो म्हणाला.
"नंबर नाही त्या माडाचा नारळ उद्यापासून तुमचा नाही."
माडामागे वीस रुपये. सुटे असतील तर बरं.

धमकी नाही, आवाज चढवणं नाही.
उलट जरा कंटाळलेलाच होता तो,
आणि तो कंटाळाच आम्हाला पटला.
खोट्या माणसाला इतका कंटाळा कुठून येणार?

पिएदादने फणसाखाली खुर्ची मांडली, लिंबाचं सरबत दिलं.
वकील वळवईकरांनी एकेचाळीस माडांचे पैसे मोजले,
पावती मागून घेतली, घडी घालून डायरीत ठेवली.
पावतीवर कार्बनची जांभळी पुसट रेघ,
वाचता येत नव्हती
म्हणूनच सरकारी वाटली.

एकटा इनास पाडेली, कमरेला कोयता,
अर्ध्या माडावरून ओरडला,
"कोणें धाडला रे तुका?"
वरून सुकी झावळ सुटावी तसा
तो प्रश्न खाली आला,
आणि आम्ही सगळे बाजूला झालो.

मग माना वळल्या माझ्याकडे.
तीस वर्षं मामलेदार कचेरीत काढलेला मी.
"भाऊ, तुम्ही सांगा. बरोबर आहे ना?"

त्याने वही उघडून पुढे धरली.
शिक्का गोल होता.
कडेची अक्षरं उलटी, आरशात वाचावी अशी,
घाईत कोरलेलं रबर.
मी ते पाहिलं.
मी ते पाहिलं, आणि मान हलवली.

का, ते विचारू नका.
बरं, विचारा.
निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं.
आणि "नाही" म्हणायचं तर कारण द्यावं लागतं,
"हो"ला नुसती मान पुरते.
शिवाय त्याची वही धरायची पद्धत,
अंगठा आत, बोटं बाहेर,
अगदी माझी होती.

चारच्या फेरीने तो गेला. सहाशे बारा माड.
जुन्या गोव्याच्या फौजदाराने विचारलं, ओळखपत्र बघितलंत?
आम्ही आपापल्या चपलांकडे बघितलं.
असं खातंच नाही, तो म्हणाला,
आणि हसू नये म्हणून पंख्याकडे पाहत राहिला.

रंग मात्र अस्सल होता.
दोन पावसाळे खाऊनही नंबर तसेच.
पोरं म्हणतात, तीनशे चारखाली भेट.
शाणू आणि गुरुदास यांचं वाटप झालं,
एकशेदहा ते एकशेतीस थोरल्याला, पुढचे नऊ धाकट्याला.
नोटरीने सही केली, खरा शिक्का मारला.
मसुदा माझ्याच अक्षरात आहे.
इनाससुद्धा परवा वरून सांगत होता,
चारशे नवाक उंदीर लागल्यात.
मी खालून विचारलं, कोणें सांगलें तुका, तो चारशे नऊ म्हण?
तो काही बोलला नाही. नारळ पाडत राहिला.

गेल्या आठवड्याच्या वाऱ्यात सत्त्याऐंशी आडवा झाला,
माझा, कुंपणासकट.
रात्री दिवा ओढून बसलो. तारीख टाकली. विषय लिहिला.
महोदय, माड क्रमांक सत्त्याऐंशी
नोंदवहीतून कमी करण्यात यावा, ही विनंती.
खाली सही, सहीखाली जुना हुद्दा.

पाकीट बंद करून ठेवलंय.
पत्ता तेवढा राहिलाय.
हल्ली दहाच्या फेरीला मी धक्क्यावर असतो.
एखादा वहीवाला उतरलाच
तर हातातच देईन.