करोडगिरी नाका

येडशी सोडून बार्शीकडं निघालं
की डाव्या हाताला एक खोली लागते, छप्पर नसलेली.
आत आता कुणाच्या तरी शेळ्या बसतात.
इथं निजामाचं राज्य संपायचं.
म्हणजे नेमकं काय संपायचं,
माती तर दोन्हीकडं काळीच,
आणि ही बोर दोन्ही राज्यांतलं पाणी प्यायची,
बिनपरवान्याची.

मेहबूबअली नाकेदाराचा नातू सलाउद्दीन सांगतो :
आजोबांकडं बंदूक नव्हती, कुंपण नव्हतं.
एक बांबू होता आडवा,
तोही वाळवीनं अर्धा खाल्लेला.
शेजारच्या वावरातून गाडी सहज निघाली असती.
निघत नव्हती.
गाडीवान बांबूपाशी येऊन उतरायचा,
पटका सारखा करायचा,
हाली एका गाठीत, कलदार दुसऱ्या गाठीत,
आणि गुळाच्या ढेपा मोजून दाखवायचा
कुणी न विचारता.
"तो थांबायचा म्हणून आजोबा नाकेदार,
आजोबा नाकेदार म्हणून तो थांबायचा.
आधी कोण, ते तुम्ही सांगा, सर."

मी सांगू शकलो नाही.
मी पेपर चौथा शिकवतो, आंतरराष्ट्रीय संबंध.
रचनावादाला पुस्तकात पावणेदोन पानं आहेत,
परीक्षेला येत नाही म्हणून मुलं ती उलटतात.
फळ्यावर मी लिहिलं होतं : सत्ता, शस्त्र, स्वार्थ.
मागच्या बाकावरून द्वारका ढाकणे म्हणाली,
"सर, आमचा कोयता ह्यात कुठं बसतो?
चुलत्याच्या हातात दिसला की आई म्हणते, ऊस सोलून दे.
बांधापलीकडच्याच्या हातात दिसला की दार लावते.
आन् त्याचा तर बोथट आहे."
वर्ग हसला.
मी 'शस्त्र' पुसायला हात उचलला,
तसाच खाली घेतला.

मग एका सप्टेंबरात
बांबू नुसता बांबू झाला.
त्या दिवसांत कोण कुणाचा शेजारी
हे रोज सकाळी नव्यानं ठरायचं,
आणि काही गावांत फार वाईट ठरलं.
त्याबद्दल सलाउद्दीन बोलत नाही,
शेळीच्या कानातली गोचीड काढत बसतो.

एवढंच सांगतो :
आजोबा तरी रोज नाक्यावर जाऊन बसायचे.
बाराव्या दिवशी एक गाडी आली.
बांबू नव्हता. गाडी थांबली.
गाडीवान सवयीनं उतरला,
आजोबा सवयीनं उठले,
आणि दोघं एकमेकांकडं बघत राहिले :
आता आपण कोण?
बैलांनी माना हलवल्या.
बऱ्याच वेळानं गाडीवानानं चंची सोडली.

वही अजून आहे घरात.
शेवटच्या पानावर, त्याच वळणदार उर्दूत,
वसुली : सुपारी, एक खांड.